लिनक्स आपोआप बसवताना इन्स्टॉलर डिस्कपाशी अडला तर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि यवतमाळ-वाशीम पट्ट्यातल्या शाळांमधून मला फोन यायला लागले. मशीन चालू आहेत, विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, नवीन घ्यायला पैसे नाहीत, तर लिनक्स टाकून द्या. आख्ख्या लॅबमध्ये एकेका मशीनसमोर बसून ‘पुढे, पुढे’ दाबणं परवडत नाही. म्हणून सगळी उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहायची आणि इन्स्टॉलरला ती वाचायला लावायची. डेबियनमध्ये या फाइलला प्रीसीड म्हणतात, फेडोरा आणि रॉकीत किकस्टार्ट, उबुंटूत ऑटोइन्स्टॉल. आयटीआयचा कोपा ट्रेड किंवा डिप्लोमा करून या कामात येणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय, आणि तेही एकाच टप्प्याबद्दल: डिस्कचे पार्टिशन, म्हणजे कप्पे, पाडणं. भाषा, टाइमझोन, युजर हे सगळं बहुतेक वेळा सुरळीत होतं. गाडी अडते ती इथं.

डेबियनमध्ये हे काम पार्टमॅन करतो. तो मध्येच थांबला की नवीन माणूस मशीन बंद-चालू करतो. तसं करू नका. थांबला म्हणजे त्याला असा एक प्रश्न पडलाय ज्याचं उत्तर तुमच्या फाइलमध्ये नाही. तो कोणता, एवढंच आधी शोधायचं. कंट्रोल, आल्ट आणि एफ४ दाबा, लॉग समोर पळताना दिसेल. एफ२ वर शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, मिळतो, तिथं व्हार-लॉग फोल्डरमधली पार्टमॅनची फाइल उघडा. कोणती डिस्क दिसली, तिच्यावर आधीचं काय सापडलं, हे त्यात लिहिलेलं असतं. हा लॉग वाचायची सवय मी कोर्सच्या सर्टिफिकेटपेक्षा मोठी मानतो.

सगळ्यात जास्त त्रास देते ती जुनी खूण. एका आश्रमशाळेच्या लॅबमध्ये सारखीच फाइल, सारखीच मशीन, आणि त्यातली काहीच अडायची. बाजूला उभे असलेले सर विचारत होते, ‘काहून थांबलं जी हे?’ लॉगमध्ये उत्तर होतं: त्या डिस्कवर जुना एलव्हीएमचा (डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटायची लिनक्सची सोय) व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे अशा जागेचा गट, जिवंत होता. आदल्या दिवशी इन्स्टॉल चालू असतानाच लाईन गेली होती आणि यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच्या संपलेल्या. पार्टिशन टेबल लिहून झालं, एलव्हीएम तयार झालं, पुढचं राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच डिस्कवर पुन्हा सुरू केलं तर इन्स्टॉलर विचारणारच की हे आधीचं काढू का. प्रीसीडमध्ये जुनं एलव्हीएम काढायची परवानगी देणारी एक ओळ असते, जुन्या रेडसाठी (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत) वेगळी असते. दोन्ही ‘ट्रू’ करून ठेवा, तुमच्या लॅबमध्ये रेड नसली तरी. आपल्याकडे लाईनचा भरवसा नाही, त्यामुळे अर्धवट लिहिलेल्या डिस्क भेटतच राहतात.

तरीही एक प्रकार उरतो. व्हॉल्यूम ग्रुप दोन डिस्कवर पसरलेला असेल तर पार्टमॅन स्वतःहून तो काढत नाही, कारण दुसऱ्या डिस्कवरचा डेटाही त्यात जाईल. हे त्याचं वागणं बरोबरच आहे. अशा वेळी शेलमध्ये जाऊन ग्रुप आधी बंद करायचा आणि मग डिस्कवरच्या खुणा पुसायच्या. पुसताना नुसता सुरुवातीचा भाग शून्यानं भरून भागत नाही. जीपीटी या नव्या प्रकारच्या पार्टिशन टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, आणि काही प्रकारच्या रेडची खूणही शेवटीच असते. दोन्ही टोकं पुसा.

पण पुसायच्या आधी बाबूंना विचारा. मुख्याध्यापक सर सहज म्हणतात, ‘काही नाही भाऊ त्यात, उडवून टाका.’ बाबूंना विचारलं की कळतं, तिसऱ्या मशीनच्या डी ड्राइव्हमध्ये पोषण आहाराचे हिशेब आहेत. कोणत्या मशीनचं काय ठेवायचं हे कागदावर लिहून घ्या, खाली सही घ्या, मगच पेनड्राइव्ह लावा.

पेनड्राइव्हवरून आठवलं. फाइलमध्ये डिस्कचं नाव एसडीए (लिनक्स पहिल्या डिस्कला देतो ते नाव) असं ठोकून देणं सर्रास चालतं. पण पेनड्राइव्हवरून बूट केलं की कधी कधी पेनड्राइव्हच एसडीए होतो आणि हार्डडिस्क एसडीबी. एनव्हीएमई प्रकारची वेगवान एसएसडी असेल तर नावाचा साचाच वेगळा. डिस्क एकच असेल तर डेबियन नाव न देताही तीच घेतो, एकापेक्षा जास्त असतील तर नाव मागतो. पार्टमॅन सुरू व्हायच्या अगदी आधी आपली कमांड चालवायची सोय प्रीसीडमध्ये आहे. तिथं छोटी स्क्रिप्ट लिहा: काढता येणारी डिस्क वगळा, उरलेल्यातली हवी ती निवडा आणि तिचं नाव इन्स्टॉलरला सांगा. उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये हे सोपं आहे, कारण तिथं सर्वात मोठी डिस्क, एसएसडी किंवा सिरियल नंबर अशी अटच घालता येते. किकस्टार्टमध्ये फक्त अमुक डिस्क वापर असं सांगता येतं, ते सांगाच. तिथला स्टोरेजचा लॉग टेम्प फोल्डरमध्ये असतो.

डिस्क अजिबातच दिसत नसेल तर बायोसमध्ये जा. काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज इंटेलच्या रेड मोडवर असतं, ते एएचसीआय या साध्या मोडवर आणलं की डिस्क दिसायला लागते.

आता रेसिपी, म्हणजे प्रीसीडमधली पार्टिशनची आखणी. पार्टिशनचे आकार स्वतः ठरवायचे असतील तर प्रत्येकाला तीन आकडे द्यावे लागतात, तेही एमबीमध्ये: किमान, प्राधान्य, कमाल. ५०० जीबीच्या हार्डडिस्कसाठी लिहिलेली रेसिपी १२० जीबीच्या एसएसडीवर चालवली आणि किमान आकड्यांची बेरीज डिस्कच्या बाहेर गेली, तर ‘निवडलेली डिस्क फार लहान आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. डिस्क खराब नसते. किमान आकडे कमी ठेवा आणि एका तरी पार्टिशनला कमाल उणे एक द्या, म्हणजे उरलेली जागा ते घेतं. महिरपी कंसाच्या आत दोन्हीकडे मोकळी जागा लागते, आणि प्रत्येक पार्टिशनच्या शेवटी टिंब. प्रीसीडच्या ओळीत प्रकार आणि उत्तर यांच्यात एकच स्पेस हवी. दोन दिल्या तर दुसरी उत्तराचाच भाग धरली जाते, आणि नजरेला काहीच चुकीचं दिसत नाही. डेबकॉन्फच्या (डेबियनमध्ये असे प्रश्न-उत्तरं सांभाळणारा प्रोग्राम) तपासणीच्या कमांडमधून फाइल आधी पास करून घ्या. किकस्टार्टसाठी केएसव्हॅलिडेटर आहे.

एवढं करूनही शेवटी ‘बदल लिहू का?’ असं विचारत थांबला, तर पुष्टीच्या ओळी बघा. त्या एकच नसून चार असतात: नवं लेबल (पार्टिशन टेबल) लिहायची, आखणी संपवायची, आणि बदल लिहायच्या दोन. इंटरनेटवरून उचललेल्या फाइलमध्ये त्यातली एखादी हमखास गळलेली असते. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी बूट पद्धत) मशीनवर आधी जुन्या बायोस पद्धतीनं काही बसवलेलं असेल तर आणखी एक प्रश्न येतो, त्याचंही उत्तर लिहून ठेवा.

सराव घरीच करा, क्यूईएमयू किंवा व्हर्च्युअलबॉक्सच्या आभासी मशीनवर. मात्र कोऱ्या डिस्कवर करू नका, तिथं सगळ्यांचीच फाइल चालते. एक डिस्क जुन्या एलव्हीएमची, एक विंडोजची, एक इन्स्टॉल मध्येच तोडलेली, एक मुद्दाम लहान, अशा तयार करा आणि स्नॅपशॉट (पुन्हा त्याच स्थितीत परतता येईल अशी नोंद) घेऊन ठेवा. फाइलमध्ये काहीही बदललं की या सगळ्यांवर पुन्हा चालवा. एकदा जुन्या बायोसनं आणि एकदा यूईएफआयनं. पुसदहून तीस किलोमीटर आत गेल्यावर मोबाइलला रेंज नसते, तिथं चुकलेली ओळ शोधायला कोणाला विचारणार?