थेट विक्रीत गल्ला भरतो, पण हातात काही उरत नाही? या चुका टाळा

सकाळभर गिऱ्हाइकांची रांग, दुपारपर्यंत क्रेट रिकामे, गल्ल्यात नोटा. तरीही हंगाम संपताना बियाण्याची आणि खताची उधारी तशीच. थेट विक्री करणाऱ्या अनेक शेतकऱ्यांचं हे दुखणं आहे, आणि बरीच वर्षं ते माझंही होतं. मधला व्यापारी गेला की त्याचा वाटा आपल्याला मिळणार, असं आपण धरून चालतो. व्यापारी जातो खरा, त्याचं काम मात्र आपल्या अंगावर येतं. माल निवडायचा, भरायचा, वाहून न्यायचा, ताटकळत उभं राहून विकायचा आणि उरलेल्याचा तोटाही सोसायचा. ठोक आणि किरकोळ दरातला जो फरक आहे, ती या कामाची मजुरी आहे. ती मोजली नाही तर आपण महिनोन्महिने फुकट राबतो आणि ते कळतही नाही.

फळ्यावरचा दर म्हणजे हातात पडलेला दर नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिशेब नीट मांडतो. समजा, शेतातून १०० किलो टोमॅटो निघाले. निवडताना तडकलेले, मऊ पडलेले १२ किलो बाजूला गेले. उरले ८८. त्यातले ७० किलो पूर्ण दराने खपले, शेवटच्या तासात १० किलो अर्ध्या दराने दिले आणि ८ किलो परत आले. म्हणजे फळ्यावर लिहिलेल्या दराने पाहिलं तर पैसे मिळाले ७५ किलोचे.

आता हाच माल व्यापाऱ्याला दिला असता तर? त्यानेही तेच १२ किलो बाजूला काढले आणि उरलेले ८८ किलो निम्म्या दराने घेतले असं धरू. म्हणजे किरकोळ दराच्या ४४ किलोइतके पैसे. फरक राहिला ३१ किलोचा. या ३१ किलोतून गाडीचं इंधन, जागेचं भाडं, पिशव्या आणि दोन माणसांचा अर्धा दिवस निघायला हवा. तो निघून काही उरलं तरच त्या दिवशी थेट विक्रीने कमावून दिलं. ‘दुप्पट दर मिळतो’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण त्या दुपटीचं काय होतं ते इथे दिसतं.

यावर उपाय साधी वही. प्रत्येक विक्रीच्या दिवशी चार आकडे लिहायचे: शेतातून किती निघालं, काट्यावरून किती गेलं, किती परत आलं, आणि घरच्या माणसांचे धरून एकूण किती तास लागले. घरच्यांचे तास लिहायला जीवावर येतं, मला ठाऊक आहे. ‘आपलीच माणसं, त्यांची कसली मजुरी’ असं वाटतं. पण बायको किंवा मुलगा आदल्या रात्री अकरापर्यंत जुड्या बांधत बसतो, ते श्रम खरे असतात. ते वहीत आले नाहीत तर त्यांच्या कष्टावर गिऱ्हाईक स्वस्त भाजी खातं.

शेजारच्याचा दर बघून आपला दर लावणं

शेजारी उभा असलेला माणूस कदाचित ठोकमध्ये माल घेऊन विकत असेल, किंवा तोही तुमच्याकडेच बघून दर लावत असेल. आपला खर्च आपल्या वहीतून काढावा आणि दर तिथून सुरू करावा.

इथे टक्क्यांची एक फसवी जागा आहे. खर्च ८० आला, त्यावर २५ टक्के चढवले, दर झाला १००. आपल्या डोक्यात ‘२५ टक्के सुटतात’ असं बसतं. प्रत्यक्षात विक्रीतले सुटतात २० टक्केच. मग कोणी घासाघीस केली आणि आपण मोठ्या मनाने २० टक्के सूट दिली की हातात शून्य. पाच टक्के उरतील असं वाटत असतं, उरत काहीच नाही.

शेवटच्या तासात पडेल त्या दराने विकणं

माल परत न्यायचा नाही या घाईत आपण दर पाडतो. दोन-चार आठवडे असं केलं की नेहमीची गिऱ्हाइकंही उशिरा यायला लागतात. त्यांचा दोष नाही, आपणच त्यांना सवय लावलेली असते. उरणारा माल आधीच ओळखा. टोमॅटोचा भर असेल तर सकाळपासूनच साठवणीसाठी पाच किलोची पिशवी वेगळ्या दराने ठेवा आणि तसं फळ्यावर लिहा. मोठ्या पिशवीला कमी दर लावणं आणि बाजार उठताना दर पाडणं, गिऱ्हाइकाला या दोन गोष्टी अगदी वेगळ्या कळतात.

तोडणीनंतरची गरमी अंगावर घेणं

परत आलेल्या मालाची मुळं बहुतेक वेळा बाजारात नसतात, तोडणीच्या वेळेत असतात. एकदा पालकाच्या जुड्या दुपारी काढून क्रेटमध्ये दाबून भरल्या होत्या. संध्याकाळी वरून ताज्याच दिसत होत्या. मधोमध हात घातला तर पानं कोमट लागली, जणू आत कोणी झोपून उठलंय. सकाळी त्या जागची पानं पिवळी आणि चिकट झाली होती.

तोडल्यावरही भाजी श्वास घेत असते आणि त्या श्वसनातून उष्णता निघते. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे एक तास उन्हात राहिलेली जुडी सावलीतल्या दोन-तीन तासांचं आयुष्य खर्च करून बसते. पालेभाजी पहाटे काढा, लगेच सावलीत आणा, गार पाण्यातून काढून निथळू द्या, क्रेट सैल भरा आणि वर ओलं गोणपाट टाका. एवढ्यानेही परतीचा माल डोळ्यांत भरेल इतका कमी होतो.

थंडावा सगळ्यांना सारखा मात्र चालत नाही. पालेभाज्यांना शून्याच्या जवळचं तापमान मानवतं. टोमॅटो आणि काकडी १० अंशांच्या खाली काही दिवस राहिली तर बिघडतात. टोमॅटोची चव जाते, काकडीला पाणचट खड्डे पडतात. शिवाय पिकणारा टोमॅटो, सफरचंद, केळी यांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते. एकाच गाडीत नेत असाल तरी यांचे क्रेट वेगळ्या टोकांना ठेवा. बटाट्यावर उजेड पडू देऊ नका. हिरवा पडलेला बटाटा विकायचा नसतो, खायचाही नसतो.

दारोदार पोहोचवण्याचा मोह

गिऱ्हाइकाने ‘घरी आणून द्याल का?’ विचारलं की नाही म्हणवत नाही. वीस घरं, प्रत्येकी दहा मिनिटं धरली तरी तीन तास वीस मिनिटं गेली, शेतापासून जाण्यायेण्याचा वेळ वेगळाच. त्याच वीस जणांना एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी तासाभरात बोलावलं तर सगळे येत नाहीत, पण जे येतात ते टिकतात. घरपोच द्यायचंच असेल तर त्याचे पैसे वेगळे सांगा आणि किमान मागणी ठरवा. हे बोलताना ओशाळू नका.

आगाऊ पैशाला कमाई समजणं

हंगामाआधी गिऱ्हाइकांकडून पैसे घ्यायचे आणि दर आठवड्याला टोपली द्यायची, ही पद्धत मला मनापासून पटते. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ नावाने शेतकरी आणि खाणारे असे थेट जोडले गेले. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर याची सुरुवात झाली. पिकाची जोखीम दोघांनी वाटून घ्यायची, हा त्यातला गाभा.

घोळ पुढे होतो. हंगामाच्या तोंडावर आलेली रक्कम मोठी दिसते आणि जुनी देणी फेडण्यात संपते. हे पैसे म्हणजे अजून न उगवलेल्या भाजीचं देणं आहे. ते आठवड्यांत विभागून ठेवा. दुसरं म्हणजे, जेवढ्या टोपल्या खात्रीने भरता येतील त्याहून थोड्या कमीच घ्या. सलग तीन आठवडे टोपलीत तेच तेच आलं की माणसं पुढच्या हंगामात येत नाहीत. त्यासाठी एकदम पेरण्याऐवजी थोडं थोडं पेरा. मुळा महिन्याभरात येतो, तो दर आठ-दहा दिवसांनी एक ओळ टाकला तरी पुरतो. एक लक्षात ठेवा, थंडीत पंधरा दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन पेरण्या ऊब वाढली की जवळजवळ एकदम काढणीला येतात. तेव्हा अंतर जास्त ठेवा.

बारीकसारीक गळती

उधारी तोंडी ठेवू नका. क्रेटचं वजन काट्यावर आधीच वजा करा. सुट्टे पैसे घरून न्या, नाहीतर ‘राहू द्या’ म्हणत दिवसभरात बरंच सुटतं.

चार आठवड्यांची वही भरली की प्रत्येक विक्रीच्या दिवसाचा सगळा खर्च वजा करून उरलेल्या पैशाला तासांनी भागा. माझ्याकडे तीन जागा होत्या. सगळ्यात जास्त गर्दीची जागा तासाच्या हिशेबात तळाला निघाली, कारण तिथला रस्ता लांब होता आणि शेवटच्या तासाची सूटही तिथेच जास्त जायची. महिनाभर ती जागा बंद ठेवून पाहिली. तिथली काही गिऱ्हाइकं दुसऱ्या जागी यायला लागली आणि त्या दिवशीच्या मोकळ्या सकाळी आम्ही पालकाची पुढची ओळ वेळेवर पेरली.