अबरी कागद, जवस आणि कूलर

भाचीच्या मुंजीची कार्डं अबरी कागदाची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या रंगांची नक्षी कागदावर उचलून, हातानं करायची ठरवली आणि पहिले आठ-दहा कागद वाया घालवले. साध्या पाण्यावर अ‍ॅक्रिलिक शाई टाकली की थेंब सरळ तळाशी. मग आपल्या विदर्भाचं जवस कामी आलं. उकळून गरम असतानाच गाळलं (गार झाल्यावर गाळून बघा, गाळणीची कीव येईल) आणि त्या बुळबुळीत पाण्यावर थेंब मस्त पसरला. काडीनं रेघा ओढल्या, मोरपीस उमटलं.

पण कागद धुतला की रंग नळाखाली वाहून जायचा! इथे तुरटी हवी. वाटीभर कोमट पाण्यात दोन चमचे पूड, नक्षी उचलण्याआधी ते स्पंजनं कागदाच्या एका बाजूला लावून कागद पूर्ण वाळवायचा. तुरटी रंग धरून ठेवते. १७व्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी असल्या कागदावर आख्खी चित्रं केली, आणि मी एका कार्डावर रडत होते.

तरी नक्षी फाटतच होती. गुन्हेगार कूलर. त्याच्या वाऱ्यानं ट्रेमधल्या शाईवर साय धरत होती. बंद केला तर आई म्हणाली, "मे महिन्यात नागपुरात कूलर बंद? डोकं फिरलं का तुझं?"

आता पहाटे पाचला बसते. दर कागदाआधी वर्तमानपत्राची पट्टी फिरवून उरलेला रंग काढते.