चामडी बूट दुरुस्त करून घ्यायचे तर कोकणातली हवा आधी ओळखा

बुटाचा सोल सुटला की मिळणारा सल्ला ठरलेला आहे: सोल्युशन लावा, दाबा, रात्रभर वर दगड ठेवा. घाटावरच्या कोरड्या गावात एखाद वेळी निभावतं. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे श्रावणात हेच केलंत तर पंधरा दिवसांत सोल पुन्हा जबडा उघडतो. माझे बूट बागेत, कातळावर आणि पावसात घाटात असे तिन्हीकडे वापरले जातात. इतक्या वर्षांत त्यांना नवे सोल, टाचा, शिलाया बऱ्याच झाल्या, त्या अनुभवातून हे लिहितोय.

पहिलं काम, बूट कसा बांधलेला आहे ते बघा. वरचं चामडं आणि सोल यांच्यामध्ये कडेने चामड्याची पट्टी फिरलेली असेल आणि तिच्यावर टाके दिसत असतील तर तो वेल्टचा बूट. सुकतळा उचलून आत बघितल्यावर तळावर टाक्यांची रांग दिसली तर सोल आतून आरपार शिवलेला आहे. कुठेच टाके नसतील तर सगळा भार गोंदावर. फसवणारे बूटही असतात: पट्टी आणि टाके नुसते शोभेचे, साच्यातून काढलेले. टाके नखाने उचलून पाहा. खरा दोरा हाताला लागतो.

सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या फेसाळ प्लास्टिकचा असेल तर त्यात नख रोवून पाहा. भुगा पडला किंवा चिकट लगदा हाताला आला तर तो चिकटवायच्या फंदात पडू नका. हवेतली वाफ या पॉलियुरेथेनच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत जाते, त्यामुळे कपाटात न वापरता ठेवलेला बूटही काही वर्षांनी असा फुटतो. कोकणातल्या दमट कपाटात हे लवकर होतं. ‘नवाच तर आहे, एकदाच घातला होता’ म्हणून लोक हट्टाने तोच सोल परत लावून घेतात. गोंद धरतो, सोल त्याच्याखालून निसटतो. अशा बुटाला पूर्ण नवा सोल, तोही रबराचा.

वरचं चामडं बोटांच्या वळणावर आरपार फाटलं असेल तर सोलवर पैसे घालू नका. नुसत्या सुरकुत्या असतील तर जरूर घाला. टाच झिजून झिजून वरच्या ठोकळ्यापर्यंत जायच्या आत बदला. जांभ्या दगडावर रोज चालणाऱ्याची टाच कानशीने घासल्यासारखी जाते.

मग बूट धुणं आणि वाळवणं. चिखल ब्रशने काढा, ओल्या फडक्याने पुसा. समुद्रावर घातलेले बूट मात्र गोड्या पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसावेच लागतात. आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच चामड्यात मुरलेल्या मिठाचं होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. मीठ आत असेपर्यंत तो बूट वाळत नाही. आत वर्तमानपत्र कोंबा, सकाळ-संध्याकाळ बदला, पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ नको, कडक उन्हात नको. ओलं चामडं तापलं की आक्रसतं आणि पुठ्ठ्यासारखं कडक होतं, ते पुन्हा मऊ होत नाही.

आणि खोबरेल तेल लावू नका. घरात असतंच म्हणून सगळे लावतात. तेल चामड्यात मुरून शिवणीपर्यंत पोचतं, आणि तेलकट चामड्यावर कुठलाच गोंद धरत नाही. तेल, मलम, मेण जे काही लावायचं ते दुरुस्तीनंतर.

आता गोंदाबद्दल. इथे मी स्वतः फसलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका श्रावणात माझ्या एकाच बुटाचा सोल तीन वेळा सुटला. पहिल्यांदा वाटलं, सोल्युशन जुनं असेल. दुसऱ्यांदा मी दुरुस्त करणाऱ्या काकांना बोल लावला. ती माझी चूक होती, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तिसऱ्यांदा सुटलेला सोल घरी आणला, उजेडात उलटा करून नीट पाहिला. गोंद चामड्यावर होता, सोलवरही होता, आणि दोन्हीकडे गुळगुळीत, किंचित पांढुरका. म्हणजे गोंदाने चामडं धरलं होतं, सोलही धरला होता. गोंदाने गोंदाला धरलं नव्हतं.

सुटलेला सोल असा वाचता येतो. दोन्हीकडे गुळगुळीत गोंद असेल तर ओल मधे शिरली किंवा गोंद जास्त वाळल्यावर दाबला. एका बाजूने गोंद साफ सोलून निघाला असेल तर त्या बाजूला तेल, धूळ किंवा जुना गोंद होता, नाहीतर त्या सोलला तो गोंद चालतच नाही. गोंदाबरोबर चामड्याचे तंतूच उपटून आले असतील तर चामडं ओलं किंवा कुजलेलं होतं. दुकानात जाण्याआधी एवढं पाहिलंत तर काकांना नेमकं सांगता येतं.

ओल शिरते कुठून? सोल्युशनमधला द्रव उडून जाताना गोंदाचा पृष्ठभाग गार पडतो. गार ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसाच दमट हवेत त्या गार पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो. डोळ्यांना दिसतो तो फक्त फिकट धुरकटपणा. त्या थरावर सोल कितीही जोरात दाबा, मधे पाणी आहे.

यावर उपाय आहे, पण त्याला वेळ लागतो. जुना गोंद रापीने (चामडं कापायच्या सुरीने) पूर्ण खरवडायचा, अगदी चामड्याचे तंतू दिसेपर्यंत. सोलही जाड पॉलिशपेपरने घासायचा. पहिला हात चामडं पिऊन टाकतं, म्हणून तो वाळल्यावर त्याच्यावर दुसरा हात. सोलवरही लावायचा. मग बोट टेकवल्यावर तार सुटेनाशी होईपर्यंत थांबायचं. कोरड्या हवेत दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पावसात जास्त लागतात. त्यानंतर हेअर ड्रायरने दोन्ही बाजूंचा गोंद तापवायचा. धुरकटपणा जाऊन चकाकी येते, हाताला गरम लागतो. लगेच जोडायचं, एकाच प्रयत्नात, कारण एकदा टेकला की सरकवता येत नाही. मधल्या भागातून कडेकडे हातोडीने ठोकत जायचं. या गोंदाची पकड त्या क्षणीच्या दाबावर ठरते. रात्रभर ठेवलेल्या दगडाचं वजन सगळ्या सोलवर पसरतं, त्याला हातोडीची सर येत नाही.

ड्रायर बोट कोरडं निघाल्यावरच सुरू करा, आणि गोंदाचा डबा आधी बंद करून लांब ठेवा. ती वाफ पेट घेते.

हे सगळं एस.टी. स्टँडजवळच्या पत्र्याच्या गटई स्टॉलमध्ये होऊ शकतं का? होतं. काकांना हे सगळं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून घाई करतं, म्हणून ते पाच मिनिटांत चिकटवून देतात. ‘काका, घाई नाही, उद्या न्यायला येतो’ असं मी म्हणायला लागल्यापासून माझे सोल टिकायला लागले. माझ्या नेहमीच्या काकांनी तर पहिल्यांदा मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, “असं सांगणारा गिऱ्हाईक मिळत नाय. वाईच सुकू दे, मग बघतो.” ड्रायर मी घरून नेतो, प्लग शेजारच्या दुकानात मिळतो. कामाचे चार पैसे जास्त द्या. दीड तासाच्या कामाला पाच मिनिटांचे पैसे देऊ नका.

गोंद कोणता ते मात्र विचारा. चामडं आणि रबर यांना नेहमीचं पिवळं सोल्युशन चालतं. पीयू आणि पीव्हीसीच्या सोलला पीयूचाच गोंद हवा. पीव्हीसीत मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि पिवळ्या सोल्युशनला विरघळवतं.

चिकटवल्यावर कडेची शिलाई घालून घ्या, मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने. सुती दोरा इथे कुजतो. टाके खोबणीत बसले पाहिजेत, वर राहिले तर जांभा ते कापतो.

वेल्टचा बूट असेल तर वरचं बरंचसं लागू नाही, आणि तिथे माझं मत ठाम आहे: खिळे मारू देऊ नका, आरीने पट्टीत नवी भोकं पाडू देऊ नका. ती पट्टी शाबूत असेल तर त्या बुटाला पुन्हा पुन्हा नवा सोल शिवता येतो, एकदा चाळणी झाली की पट्टीच बदलावी लागते. असे बूट मुंबईला किंवा पुण्याला, वेल्ट शिवायचं मशीन असलेल्या दुकानात पाठवा. शिमग्याला आलेला चाकरमानी परत जाताना त्याच्या हाती पिशवी दिली की मे महिन्यात येताना बूट परत येतात. दुकानदाराला तीन गोष्टी लिहून द्या: बूट कालबूतावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) चढवूनच सोल बसवा, शक्य तिथे जुन्याच भोकांतून शिवा, आतला दबलेला कॉर्क नवा भरा.

गोंदाचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकलंत तर निम्मा त्रास वाचतो. मृगाच्या आदल्या आठवड्यात स्टॉलसमोर छत्र्यांची आणि चपलांची रांग असते, तेव्हा कुणालाच वेळ नसतो.

बूट हातात आल्यावर चवडा वाकवून कडेला फट दिसते का बघा. एक दिवस घालू नका. मग क्रीम, पॉलिश. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरते. आत कागद, वर जुना सुती पंचा, आणि दर आठ दिवसांनी काढून कागद बदला.