गॅपनंतर आयटीत परतताय? या चुका टाळा

पुण्यात जावा बॅकएंडच्या जागांसाठी मुलाखती घेताना आणि ओळखीपाळखीतून आलेले रेझ्युमे वाचताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात. बाळंतपण, आईवडिलांचं आजारपण, स्वतःचं ऑपरेशन, ले-ऑफ, बुडालेला धंदा अशी नोकरीत गॅप, म्हणजे खंड, पडायची कारणं प्रत्येकाची वेगळी असतात. जीव तुटतो तो यासाठी, की चांगली माणसं गॅपमुळे कमी आणि गॅप झाकायच्या खटपटीत जास्त अडकतात.

गॅप झाकणं

"रेझ्युमेवर गॅप दिसला की कॉलच येत नाही" असं कोणीतरी डोक्यात भरवतं आणि तोच माणूस एका कन्सल्टन्सीचा नंबर देतो. पैसे भरायचे, एक्सपिरियन्स लेटर घ्यायचं, सॅलरी स्लिपा घ्यायच्या. चौकशीचा फोन आला तर तिथलाच कोणीतरी 'मॅनेजर' म्हणून बोलतो.

आमच्या टीमसाठी एका बाईंची मुलाखत झाली होती. डेटाबेसमध्ये डेडलॉक, म्हणजे दोन कामं एकमेकांसाठी अडून राहणं, का होतो, असं विचारलं. त्यांनी व्याख्या म्हणून दाखवली नाही. मार्कर घेतला, फळ्यावर दोन ट्रान्झॅक्शन काढली, एकीने आधी ऑर्डरचं टेबल धरलंय आणि दुसरीने आधी स्टॉकचं, हे दाखवलं आणि म्हणाल्या, "दोघींना एकाच क्रमाने लॉक घ्यायला लावा, निम्मं दुखणं तिथेच संपेल." हे प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या चालू सिस्टिमवर, रात्री जागलेल्या माणसाचं उत्तर होतं. आम्ही त्यांना लगेच निवडलं.

मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे जुन्या नोकऱ्यांची खातरजमा, आलं. रेझ्युमेवर २०१६ ते २०२३ अशी सलग नोकरी होती. यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराच्या, सर्व्हिस हिस्टरीत शेवटची कंपनी २०१६ ची. पीएफ नसला म्हणजे नोकरी खोटीच, असं नसतं. काही जण नियमानुसार पीएफच्या बाहेर असतात. म्हणून मग पगारातून कर कापल्याचे कागद, म्हणजे फॉर्म १६ आणि २६एएस, आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट मागतात. त्यातलं काहीच नव्हतं. दिलेल्या पत्त्यावर कुलूप लावलेला फ्लॅट निघाला. ऑफर मागे घेतली गेली. मी एचआरशी भांडलो, पण खोटी कागदपत्रं दिलेल्या माणसाला घेता येत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. त्या सात वर्षांत बाई अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करत होत्या, हे नंतर कळलं. रेझ्युमेवर तेवढंच लिहिलं असतं तर त्या आज आमच्या टीममध्ये असत्या.

ही लेटरं विकणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. अडलेल्या माणसाच्या भीतीवर त्यांचं दुकान चालतं.

रेझ्युमेवर एक सरळ ओळ लिहा : '२०१६–२०२३ : कौटुंबिक जबाबदारी, पूर्णवेळ'. मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत सांगा आणि तिसऱ्या वाक्यात आत्ता काय काम करताय त्यावर या. माफी मागू नका.

आणि अर्ज करायच्या आधी यूएएनचं पोर्टल उघडा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलेलीच नसते, असं सर्रास दिसतं. शेवटच्या जमा रकमेला दोन महिने उलटले असतील तर ती तारीख स्वतःलाही टाकता येते. लग्नानंतर आधारवर नाव बदललंय आणि पीएफमध्ये माहेरचंच आहे, ही दुसरी नेहमीची अडचण. ती दुरुस्त व्हायला वेळ लागू शकतो. ऑफर हातात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम आधी उरका.

कोर्सवर कोर्स करत बसणं

"आधी सगळं नीट शिकते, मग अप्लाय करते." हे 'सगळं' कधीच संपत नाही. कर्वेनगरातल्या क्लासची फी भरली जाते, सर्टिफिकेटं जमतात. जावात सहा वर्षं काढलेला माणूस तीन महिन्यांत डेटा सायंटिस्ट व्हायला निघतो आणि कॉलेजातून आत्ताच बाहेर पडलेल्या पोरांच्या रांगेत उभा राहतो. स्वतःची सहा वर्षं अशी टाकून देऊ नका. ग्राहकाची भाषा समजणं, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणं, रिलीजच्या रात्री डोकं शांत ठेवणं हे कुठल्या क्लासात मिळत नाही.

मी सगळ्यांना एकच काम देतो. तुम्ही पूर्वी करायचात तशा धाटणीचा एक छोटा जुना प्रोजेक्ट घ्या, जावा ८ आणि स्प्रिंग बूट (जावा ॲप्लिकेशन उभं करायची तयार चौकट) २ वरचा, आणि तो स्प्रिंग बूट ३ वर आणा. ही आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि तिला किमान जावा १७ लागतं. पहिल्याच बिल्डला स्क्रीन लाल होईल, कारण 'जावाएक्स'ने सुरू होणारे कितीतरी इम्पोर्ट आता 'जकार्ता'ने सुरू होतात. पण आंधळेपणाने सगळीकडे शोधा-बदला करू नका. 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' हे जावाचंच आहे, ते तसंच राहतं. ते निस्तरलं की सिक्युरिटीचा कोड अडतो, कारण ज्या ॲडॅप्टर क्लासला आपण एक्स्टेंड करायचो तो काढून टाकलाय. आता फिल्टर चेनचं बीन लिहावं लागतं. हे सगळं करताना चार ओळींची टिपणं ठेवा : काय तुटलं, का तुटलं, कसं जोडलं. मुलाखतीत मला ही टिपणं दाखवा. सर्टिफिकेटांच्या फाइलपेक्षा मी ती जास्त आवडीने वाचतो.

घाई असलेले लोक इथे विचारतात, "तयार प्रोजेक्ट डाउनलोड केला तर चालेल का?" नाही चालणार. एरर आली की स्टॅक ट्रेसच्या, म्हणजे एररबरोबर येणाऱ्या ओळींच्या यादीच्या, तळाशी जाऊन शेवटचं 'कॉज्ड बाय' वाचायची सवय परत यायला हवी, आणि ती स्वतः अडकल्याशिवाय येत नाही.

एआयचंही तेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, त्याआधी नोकरी सोडलेल्यांना हे सगळं एकदम अंगावर आल्यासारखं वाटतं. वापरा, जरूर वापरा. मी आधी वहीत लिहितो की या फंक्शनमध्ये काय काय यायला हवं, मग विचारतो आणि दोन्ही ताडून बघतो. ऑनलाइन मुलाखतीत मात्र दुसऱ्या खिडकीतलं उत्तर वाचू नका. नजर सरकते, आवाज सपाट होतो, समोरच्याला लगेच कळतं.

बाकीच्या, थोडक्यात

"मिळेल ते चालेल" असं पगाराबद्दल बोलू नका. जुन्या पगाराला धरून बसू नका, त्या जागेला आज बाजारात काय मिळतं ते शोधून आकडा सांगा.

फक्त रिटर्नशिपची, म्हणजे गॅपनंतर परतणाऱ्यांसाठीच्या खास कार्यक्रमाची, वाट बघत राहू नका. टाटांनी २००८ मध्ये स्त्रियांसाठी सेकंड करिअरचा कार्यक्रम सुरू केला, नंतर बऱ्याच कंपन्यांनी तसं काही ना काही काढलं. पण जागा मोजक्या असतात. नेहमीच्या जागांनाही अर्ज करत राहा.

दहा वर्षांपूर्वीच्या टूल्सची लांबलचक यादी रेझ्युमेवरून काढा. कोडमधले बदल सांभाळणारं जुनं एसव्हीएन येत होतं हे सांगून उपयोग नाही, त्याच कामाच्या गिटवर रोज काम करा.

घरी रोजचे दोन तास ठरवा आणि त्या वेळेत दाराला कडी लावा. लॅपटॉप मुलांच्या अभ्यासात वाटून घेतलेला असेल तर आधी त्याची सोय बघा.

जुन्या सहकाऱ्यांना मेसेज करायला लाजू नका. ही लाज मला सगळ्यात जास्त खटकते, कारण पूर्वी तुमच्याबरोबर काम केलेला माणूस तुमचा रेझ्युमे थेट मॅनेजरच्या हातात देऊ शकतो. तो आता मोठ्या पदावर असेल, असू दे. "काही असेल तर सांग" असं मोघम लिहिलंत तर तोही "हो, नक्की" म्हणून विसरून जाईल. कंपनीच्या साइटवरून त्याच्याकडची नेमकी जागा शोधा, तिचा जॉब आयडी लिहा, रेझ्युमे जोडा आणि लिहा : "एवढी वर्षं घरच्या कारणाने बाहेर होते, आता परत येतेय. या जागेसाठी रेफर करशील का?" आठवड्यात उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा.