डीकिम सही जुळत नाही तेव्हा: स्वतःच्या मेल सर्व्हरवरचा अनुभव

पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्राम सुरू होऊन पहिला मेल पोहोचला, तेव्हा सर्व्हर उभा राहिला असे मी समजलो होतो. प्रत्यक्षात माझे मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जात होते आणि पुढचे तीन दिवस मी ओपनडीकिमच्या (जाणाऱ्या मेलवर डीकिम, म्हणजे डोमेनची डिजिटल सही, करणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग एकामागून एक बदलत राहिलो. मी माझ्याच सर्व्हरची कॉन्फिग फाइल पुन्हा पुन्हा वाचत होतो. सही जुळली की नाही हे मात्र मेल घेणारा सर्व्हर ठरवतो आणि तो निकाल मेलच्या हेडरमध्ये लिहून ठेवतो, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून नवख्यांनी दुसऱ्या सेवेवरील आपल्याच खात्यावर एक मेल पाठवावा, त्याचा मूळ स्रोत उघडावा आणि ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ही ओळ आधी वाचावी. तिथे ‘डीकिम=नन’ दिसले तर सही झालेलीच नाही, सही तपासायची सार्वजनिक किल्ली सापडत नाही किंवा वाचता येत नाही असे दिसले तर दोष बहुधा डीएनएसमध्ये (डोमेनच्या ज्या जाहीर नोंदींत ही किल्ली ठेवतात त्यांत) आहे, आणि ‘बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय’ असे दिसले तर सही झाल्यानंतर मजकुराला कोणीतरी हात लावला आहे.

सही होत नसेल तर मेल लॉग पुरेसा बोलका असतो. ‘नो सायनिंग टेबल मॅच’ अशी नोंद माझ्याकडे येत होती, कारण सायनिंगटेबलमध्ये (कोणत्या पत्त्याच्या मेलवर कोणत्या किल्लीने सही करायची त्या यादीत) मी तारांकन वापरले होते, पण फाइलच्या मार्गाआधी ‘रीफाइल:’ लिहिले नव्हते. ‘मिल्टर_डिफॉल्ट_अ‍ॅक्शन’ला ‘अ‍ॅक्सेप्ट’ दिलेले असेल, तर ओपनडीकिमसारखा मिल्टर (पोस्टफिक्सला जोडलेला मदतनीस प्रोग्राम) बंद पडला तरी पोस्टफिक्स मेल सहीविनाच पुढे पाठवतो, हेही ध्यानात ठेवावे.

डीएनएसमधील चूक शोधायला मला सर्वाधिक वेळ लागला. २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीचा सार्वजनिक भाग ३९२ अक्षरांचा होतो, तर ती ज्यात ठेवतात त्या डीएनएसच्या टीएक्सटी रेकॉर्डमधील एका तुकड्यात २५५ अक्षरेच मावतात. त्यामुळे ती किल्ली अवतरणचिन्हांतील दोन तुकड्यांत द्यावी लागते. डीएनएसच्या नोंदी भरायच्या माझ्या पॅनेलने दुसरा तुकडा मुकाट्याने गाळला होता. ‘डिग’ या डीएनएस तपासायच्या कमांडने रेकॉर्ड मागवून मी शेवटची अक्षरे पाहिली: अशा किल्लीचा शेवट सहसा ‘आय-डी-ए-क्यू-ए-बी’ या सहा अक्षरांनी होतो आणि माझा रेकॉर्ड त्याच्या कितीतरी आधी तुटत होता. काही पॅनेल नावाला डोमेन आपोआप जोडतात, त्यामुळे पूर्ण नाव लिहिल्यास डोमेन दोनदा लागते. म्हणून सिलेक्टर (किल्लीला दिलेले नाव), ‘_डोमेनकी’ आणि डोमेन हा क्रम बाहेरून तपासलेला बरा. ‘ओपनडीकिम-टेस्टकी’ ही किल्ली तपासायची कमांड चालवल्यावर ‘की नॉट सिक्युअर’ असे आले तर घाबरू नये. ती किल्ली डीएनएससेकने (डीएनएसच्या नोंदींवरील सहीने) पडताळली गेली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

सही दिसू लागली, तरी काही मेल बॉडी हॅशवर अडत होते. कारण असे की मिल्टर आधी सही करत होता आणि त्यानंतर कंटेंट फिल्टर मेलच्या तळाशी सूचना जोडत होता. ‘रिलॅक्स्ड’ पद्धतीत ओळीतील वाढीव मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष होते, पण नव्या वाक्याला माफी नाही. सही ही बाहेर पडण्यापूर्वीची शेवटची पायरी असली पाहिजे. मात्र फिल्टरमधून परत येणारा मेल १२७.०.०.१ वरून येतो आणि ओपनडीकिम त्या पत्त्याला घरचा मानते. त्यामुळे येणारे आणि जाणारे मेल एकाच वाटेने फिरवले, तर आपल्या डोमेनचे नाव लावून बाहेरून आलेल्या बनावट मेलवरही आपलीच खरी सही उमटू शकते. मला हा धोका सर्वांत गंभीर वाटतो; दोन्ही वाटा वेगळ्या ठेवाव्यात आणि सही फक्त जाणाऱ्या वाटेवर करावी.

‘डीकिम=पास’ आले, तरी सहीतील ‘डी’ या खुणेपुढचे डोमेन ‘फ्रॉम’मधील डोमेनशी जुळते का, हे लगेच पाहावे; जुळत नसेल तर डीमार्क (‘फ्रॉम’मधील डोमेन खरे आहे का हे तपासणारा नियम) ती सही धरत नाही.

पुढे किल्ली बदलताना जुन्या रेकॉर्डवर नवी किल्ली लिहू नये. नव्या सिलेक्टरने दुसरा रेकॉर्ड टाकावा, तो बाहेरून दिसू लागल्यावर सही त्या किल्लीवर न्यावी आणि जुना रेकॉर्ड किमान आठवडाभर राहू द्यावा, कारण पोस्टफिक्स न पोहोचलेला मेल मूळ सेटिंगनुसार ५ दिवस रांगेत ठेवतो आणि त्यावर जुन्याच किल्लीची सही असते.