नेटएमचा डिले चुकतोय? आधी कर्नलचा टायमर बघा

लिनक्सवर नेटएमने (नेटवर्कच्या पॅकेटना मुद्दाम उशीर लावणारं साधन) १ मिलिसेकंदाचा डिले लावला आणि पिंगमध्ये कधी २, कधी ५ दिसतात? टीसीची (नेटएम ज्यातून लावतात ती) कमांड पुन्हा पुन्हा तपासत बसू नका. माझी अख्खी दुपार त्यात गेली. गडबड कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, टायमरमध्ये होती.

१. बूट फोल्डरमध्ये बहुतेक वेळा चालू कर्नलची कॉन्फिग फाइल असते. त्यात 'हाय रेस टायमर्स' (बारीक वेळ पाळणारे टायमर) पुढे 'वाय' आहे का आणि 'एचझेड' (सेकंदाला टायमरच्या किती टिक पडतात) किती, ते ग्रेप या शोधायच्या कमांडने बघा. पर्याय बंद असेल तर पॅकेट टिक पडल्यावरच सुटतं: एचझेड १०० ला टिक १० मिलिसेकंदांची, २५० ला ४, १००० ला १.

२. पर्याय चालू असूनही आकडे हलतात? रूट (ॲडमिन) होऊन प्रॉक फोल्डरमधली 'टायमर लिस्ट' फाइल वाचा. 'एचरेस ॲक्टिव्ह' पुढे १ हवा. ० दिसला तर बूटच्या ओळीत कुणी 'हायरेस ऑफ' टाकून ठेवलंय का बघा. ते काढून मशीन रीस्टार्ट करा.

३. मग पिंग, आधी डिलेशिवाय, नंतर डिले लावून. फरक मोजा. नेटएम साधारणपणे बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर लावतात, त्यामुळे दोन्ही मशीनवर लावलात तर डिले दुप्पट दिसणारच.

थ्रूपुट (सेकंदाला किती डेटा जातो) मोजताना मात्र जपून. नेटएमची रांग मुळात १००० पॅकेटची. १ गिगाबिटवर १०० मिलिसेकंद डिले म्हणजे १५०० बाइटची आठ हजारांवर पॅकेट रांगेत. 'लिमिट' (रांगेची मर्यादा) २०,००० वगैरे दिलं नाही तर पॅकेट गळतात, आणि आपण उगाच टीसीपीला शिव्या घालतो.