सी अँड ओ कालव्याच्या काठाने अँटीटम: एका दिवसाची सायकल राइड कशी करायची

डीसी, व्हर्जिनिया, मेरिलँडकडे राहणाऱ्या ज्या लोकांकडे माउंटन बाइक आहे पण दगडधोंड्यांच्या ट्रेलवर उतरायची हिंमत होत नाही आणि गाड्यांच्या रस्त्यावर चालवायला जीव धजत नाही, त्यांच्यासाठी सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याचा टोपाथ, म्हणजे कालव्याच्या काठाने जाणारी जुनी वाट, अगदी हवा तसा रस्ता आहे. पूर्ण टोपाथ जॉर्जटाउनपासून कंबरलँडपर्यंत 184.5 मैल जातो, पण पहिल्याच वेळी तो सगळा करायच्या नादी लागू नका. माझं स्पष्ट मत आहे की सगळ्यात आधी डार्गन बेंड ते अँटीटमचं रणांगण आणि परत असा साधारण 30 मैलांचा लूप करा, कारण यात सपाट नदीकाठ आहे, हलक्या टेकड्या आहेत आणि अमेरिकन यादवी युद्धातली 1862 ची लढाई तिच्या खऱ्या जमिनीवर समजते, जी गाडीतून फिरून कधीच नीट समजत नाही.

आधी कालव्याबद्दल थोडं, कारण चालवताना त्याचा उपयोग होतो. 4 जुलै 1828 ला अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी कुदळ मारून काम सुरू केलं, गंमत म्हणजे त्याच दिवशी तिकडे बाल्टिमोरला बी अँड ओ रेल्वेचंही काम सुरू झालं आणि शेवटी रेल्वेनेच बाजी मारली. कालवा कंबरलँडला पोचला 1850 मध्ये, 1924 च्या पुरानंतर वाहतूक कायमची बंद पडली, आणि 1971 मध्ये तो राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. खेचरं या काठावरून चालत आणि दोराने बोटी ओढत, म्हणून हा रस्ता इतका सपाट आणि बऱ्यापैकी रुंद आहे. 605 फुटांचा सगळा चढ 74 लॉकमध्ये (बोटी वर-खाली करणाऱ्या, दारं असलेल्या पाण्याच्या कप्प्यांमध्ये) वाटलेला आहे, म्हणजे एका लॉकला साधारण 8 फूट. डार्गन बेंडहून वरच्या दिशेला निघालात की आधी लॉक 37 लागतं, मग 38, आणि दोन्हीकडे टोपाथ अचानक एक छोटी उडी घेऊन वर चढतो, तिथे दहा-पंधरा पॅडल आधीच गिअर हलका करून ठेवा. लॉकपाशी थांबून दगड बघा, बऱ्याच लॉकच्या कडांवर ओल्या दोरखंडांनी घासून पडलेल्या खाचा अजून बोटाने चाचपता येतात.

आता सायकल. माउंटन बाइकचं जाड टायर इथे खरंच कामाला येतं, 1.9 ते 2.2 इंच पुरेसं आहे, खोल नक्षीचं भारी टायर नको. हवा 30 ते 40 पीएसआय ठेवा, वजन जास्त असेल तर वरच्या बाजूला. पुढच्या फोर्कला लॉकआउट (स्प्रिंग बंद करायचा खटका) असेल तर नदीकाठावर तो लावून टाका, नाहीतर प्रत्येक पॅडलची ताकद स्प्रिंग खाऊन टाकते, आणि मुळं किंवा खड्डे दिसले की उघडा. मडगार्ड असेल तर लावाच. पाऊस पडून गेला की पुढचे एक-दोन दिवस जाऊ नका, इथली चिकणमाती टायरला अशी थापली जाते की चाक फ्रेममध्ये अडकतं. पोटोमॅक नदीला पूर आला की टोपाथचे तुकडे बंदही होतात, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर बंद भागांची यादी बघायची सवय लावा.

सपाट रस्त्याबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. उतार नाही म्हणजे फुकटात गडगडत जाणंही नाही, पॅडल थांबवलं की सायकल थांबली, आणि शरीर तासन् तास एकाच पोझमध्ये राहतं म्हणून पाय दुखायच्या आधी बूड आणि मनगटं बोंबलतात. उपाय सोपा आहे, सीटची उंची आधीच नीट लावा, पॅडल खाली गेल्यावर गुडघ्याला जेमतेम वाक राहिला पाहिजे, आणि दर मैलाला जो मैलाचा खांब लागतो तिथे पाच-सहा सेकंद उभं राहून चालवा, हाताची पकड बदला. खांबावरचा आकडा लक्षात ठेवा, फोनची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते आणि मदत मागायची वेळ आली तर तुम्ही कुठल्या मैलावर आहात हे सांगता आलं पाहिजे.

नियम थोडे आहेत पण पाळायचे. घंटी लागते, आणि माणसाच्या मागून जाताना ती लांबूनच वाजवा. वेग ताशी 15 मैलांच्या आत. पायी चालणारे आणि घोडेवाले यांना आधी जाऊ द्यायचं, आणि दगडी ॲक्विडक्टवरून (ओढ्यावरून कालवा नेणाऱ्या पुलावरून) सायकल हातात धरून चालत जायचं. सायकल टोपाथवरच ठेवायची, आजूबाजूच्या पायवाटांवर न्यायची नाही. हेल्मेट मेरिलँडमध्ये 16 वर्षांखालच्यांना कायद्याने सक्तीचं आहे, मोठ्यांनीही घालावं हे काय सांगायचं.

डार्गन बेंडला (मैल 64.9) बोट उतरवायची जागा आहे, गाडी तिथे लावता येते. सकाळी लवकर पोचा. तिथून वरच्या दिशेने, म्हणजे मैलांचे आकडे वाढत जातील असं निघा. 69.4 च्या आसपास अँटीटम ओढ्यावरचा (अँटीटम क्रीक) 3 कमानींचा ॲक्विडक्ट येईल, तिथे उतरून चालत पलीकडे जा आणि जागा नीट बघून ठेवा कारण दुपारी याच ठिकाणी परत टोपाथला लागायचंय. पुढे 71 मैलाच्या पुढे नदी उथळ आहे, तो बोटेलर्स फोर्ड (नदी चालत ओलांडायची जागा), लढाईनंतर दक्षिणेकडचे सेनापती रॉबर्ट ली यांचं सैन्य रात्रीच्या अंधारात इथूनच व्हर्जिनियाकडे परत गेलं. 72.8 ला लॉक 38 आणि नदीपलीकडे शेफर्डस्टाउन. मग 75.7 च्या जवळ उजव्या हाताच्या कड्यात किलियन्सबर्गची गुहा आहे, लढाई चालू असताना शार्प्सबर्ग गावातली माणसं पोराबाळांसकट जीव वाचवायला तिथे लपली होती. त्याच्या थोडं अलीकडे सायकलवाल्यांसाठी कॅम्पसाइट आहे, उन्हाळ्याच्या सीझनमध्ये हातपंपाचं पाणी मिळतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका, तीन बाटल्या घरूनच भरून घ्या.

76.7 ला स्नायडर्स लँडिंग आलं की टोपाथ सोडायचा आणि उजवीकडे गावाच्या रस्त्याला लागायचं. हा चढ छोटा आहे पण सपाट रस्त्याची सवय झालेल्या पायांना चांगलाच लागतो. आधीच सगळ्यात हलका गिअर टाका, पॅडल भराभर आणि कमी जोराने फिरवा, जोर काढून दाबत बसलात तर गुडघे दुपारपर्यंत रडतील. गाव पार करून उत्तरेकडे एक मैलावर रणांगणाचं व्हिजिटर सेंटर आहे, प्रवेश माणशी 10 डॉलर, राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास चालतो. टूर रोड 8.5 मैलांचा आहे आणि इथे सायकल फक्त डांबरी रस्त्यावरच न्यायची, गवतात नाही.

17 सप्टेंबर 1862 या एका दिवसात इथे दोन्हीकडचे मिळून सुमारे 23,000 सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. नकाशावर ही जमीन सपाट दिसते. सायकलवर मात्र प्रत्येक घडी मांड्यांना कळते, हळू चढ, मग खाली, मग परत चढ. ब्लडी लेन म्हणजे ती खोलगट गाडीवाट बघायला जाल तेव्हा सायकल बाजूला लावून युनियन (उत्तरेकडचं) सैन्य आलं त्या बाजूने उतारावर या आणि बघा, शेवटच्या उंचवट्यावर पाय ठेवेपर्यंत ती वाट दिसतच नाही, आणि दिसते तेव्हा बंदुका शंभर यार्डांच्या आत. शेजारचा दगडी मनोरा चढून वरून परत बघा, तेव्हा जमिनीच्या घड्या सैन्य कसं लपवत होत्या हे लक्षात येतं. बर्नसाइड पुलाजवळ वर सायकल लॉक करून खाली चालत जा, कड्यावर दक्षिणेच्या बाजूचे, जॉर्जियाचे साधारण 500 सैनिक होते आणि त्यांनी युनियनच्या अख्ख्या कोअरला (हजारो सैनिकांच्या तुकडीला) जवळपास तीन तास या अरुंद पुलावर रोखून धरलं. कड्यावर उभं राहून खाली बघितलं की कसं ते विचारावं लागत नाही. घाई करू नका, माझ्या मते या दोन जागांना मिळून तासभर द्या, बाकीच्या स्मारकांची पाटी वाचून पुढे गेलात तरी चालेल.

परतीला हार्पर्स फेरी रोडने दक्षिणेकडे उतरायचं. लढाईच्या त्या दुपारी लींचे सेनानी ए. पी. हिल यांची डिव्हिजन हार्पर्स फेरीहून 17 मैल चालत येऊन याच बाजूने लढाईत उतरली आणि लीचं सैन्य वाचलं. रस्ता अरुंद आहे, गाड्या येतात, म्हणून एकामागे एक चाला, मागचा लाल दिवा चालू ठेवा, आणि उतारावर दोन्ही ब्रेक आलटूनपालटून थोडे थोडे दाबा, एकदम पुढचा नको. अँटीटम ओढ्याच्या पुलापाशी आलात की कॅनाल रोडला वळायचं, तो ॲक्विडक्टपाशी परत आणून सोडतो आणि तिथून डार्गन बेंड साडेचार मैल.

घरी जायच्या आधी, गाडीत बसायच्या आधीच, मोज्यांच्या रबराखाली, गुडघ्याच्या मागे आणि कमरेला गोचीड आहे का ते बघून घ्या, एप्रिल ते ऑक्टोबर हे चुकवूच नका. टोपाथच्या कडेला तीन-तीन पानांची विषारी आयव्ही खूप आहे, तिला पाय लागला असं वाटलं तर साबणाने लगेच धुवा. आणि चेन त्याच रात्री पुसून तेल द्या, त्या मातीची बारीक पूड चेनमध्ये राहिली तर पुढच्या राइडला गिअर कुरकुरायला लागतात.